पोर्तुगालमध्ये व्यायामाबद्दल पोर्तुगीजमधून बोलायचं कसं : जिमच्या काउंटरपासून गुडघेदुखीपर्यंत

लिस्बन, पोर्तु, ब्रागा या शहरांत नोकरीसाठी किंवा शिक्षणासाठी नव्याने आलेल्या मराठी मंडळींसाठी हा लेख आहे. ऑफिसात इंग्रजी चालतं, दुकानात बोट दाखवून भागतं, त्यामुळे पोर्तुगीज बोलायला सुरुवात कुठून करायची हेच कळत नाही. माझं मत विचाराल तर व्यायामापासून करा. जिममध्ये रोज तीच माणसं, तीच वेळ, तेच प्रश्न. ‘आठवड्यातून किती वेळा येता?’ हा प्रश्न महिन्याभरात इतक्यांदा कानावर पडतो की उत्तर आपोआप तोंडात बसतं. शिवाय दुखलं-खुपलं तर नीट सांगता येणं ही निकडीची गोष्ट आहे, नुसती हौस नाही.

वाचण्याआधी उच्चारांबद्दल थोडं. पोर्तुगालच्या बोलीत शब्दाच्या शेवटचा ‘स’ हा ‘श’ होतो आणि आघात नसलेले स्वर जवळजवळ गिळले जातात. लिहिलेलं वाचून बोलाल तर समोरच्याला बहुधा कळेल, पण समोरच्याचं तुम्हाला कळणार नाही. म्हणून खालची वाक्यं कानाला जशी येतात तशी देवनागरीत दिली आहेत. त्यातला ‘ज’ मात्र आपल्या ‘जीवन’मधला नाही. ‘श’ म्हणताना जीभ असते तिथेच ठेवून घशातून आवाज काढायचा, म्हणजे तो जमतो. मोबाइलवरची बरीच ॲप ब्राझीलचं पोर्तुगीज शिकवतात. त्यात व्यायामाचे बरेच शब्द वेगळे आहेत, ते शेवटी दिले आहेत.

१. जाण्याआधी काय काय जवळ हवं

कागदपत्रं :
- पासपोर्ट किंवा रहिवासी कार्ड
- निफ, म्हणजे कर क्रमांक. काउंटरवर त्याला ‘कोंत्रिबुइंत’ म्हणतात
- बँक खात्याचा इबान, कारण फी बहुतेक ठिकाणी दरमहा खात्यातून परस्पर वळती होते
- इथला पत्ता (काही ठिकाणी पुरावाही मागतात)

सामान : टॉवेल (तुआल्या), लॉकरला लावायचं कुलूप (कादिआदु), पाण्याची बाटली (गार्राफा द आगुआ), जिमपुरते वेगळे बूट. पोहायचं असेल तर टोपी (तोका) आणि चपला (शिनेलुश) लागतातच. टोपीशिवाय तलावात सहसा उतरू देत नाहीत.

कपडे बदलायची खोली म्हणजे ‘बाल्निआरियु’, लॉकर म्हणजे ‘कासीफु’. किल्लीला ‘शाव’ म्हणतात आणि साबणाला ‘सबांउ’. आपला चावी हा शब्द पोर्तुगीजांकडूनच आला आणि साबणही ऐकायला जवळचाच, त्यामुळे ते लक्षात ठेवायला वेगळे कष्ट नाहीत. पैसे भरणं म्हणजे ‘पगार’. तोही ओळखीचाच, फक्त इथे तो तुम्ही द्यायचा असतो.

२. काउंटरवर नाव नोंदवताना

जिमला पोर्तुगालमध्ये ‘जिनाझियु’ म्हणतात. आत गेल्यावर पहिलं वाक्य :

‘बों दीया, क्रीआ इंश्क्रवेर-म.’ (नमस्कार, मला नाव नोंदवायचं होतं.)

‘क्रीआ’ हे ‘मला हवं होतं’ असं मऊ रूप आहे. ‘मला हवंय’ म्हणून थेट मागण्यापेक्षा ते इथे बरं दिसतं. त्यानंतर हे विचाराच :

‘क्वांतु ए आ मेंसलिदाद?’ (महिन्याची फी किती?)
‘आ फिदलिझसांउ?’ (ठरावीक काळ बांधून राहावं लागतं का?)
‘पोसु फझेर उमा आउला श्प्रिमेंताल?’ (एकदा करून बघता येईल का?)
‘पोसु सुश्पेंदेर दुरांत उं मेश?’ (महिनाभर खंड पाडता येतो का?)

फिदलिझसांउ हा इथला सगळ्यात मोठा सापळा. जाहिरातीतली कमी फी बहुधा वर्षभर बांधून घेतल्यावरची असते. मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाचे पैसे मागू शकतात. म्हणून सही करण्याआधी ‘क्वाल ए उ प्राझु पारा कांसलार?’ (बंद करायचं तर किती आधी कळवायचं?) हे विचारा आणि उत्तर करारात कुठे लिहिलंय ते बोट ठेवून दाखवायला सांगा. नोंदणी ऑनलाइन केली असेल तर साधारणपणे 14 दिवसांत कारण न देता रद्द करता येते. तो युरोपीय ग्राहक कायद्याचा हक्क आहे. खंड पाडण्याचा प्रश्नही विसरू नका. गणपतीला किंवा लग्नसराईत महिनाभर गावी जाणाऱ्यांना तो फार उपयोगी पडतो.

महिन्याच्या फीबरोबर ‘इंश्क्रिसांउ’ (नोंदणी शुल्क) आणि ‘सगूरु’ (विमा) हे वेगळे आकार असतात, ते आधीच विचारून घ्या. ‘तेर्मु द रश्पोंसबिलिदाद’ नावाचा कागद पुढे केला तर दचकू नका. माझी प्रकृती व्यायामाला योग्य आहे याची जबाबदारी माझी, असं त्यात लिहिलेलं असतं. पण म्हणूनच रक्तदाब, दमा, जुनी शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारूनच त्यावर सही करा.

काही बिनसलंच आणि काउंटरवर कोणी ऐकेना, तर शांतपणे म्हणा : ‘क्रीआ उ लीव्रु द रक्लमसोंइश, फाश फवोर.’ ही तक्रारवही. लोकांशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक आस्थापनेला ती कायद्याने ठेवावी लागते आणि मागितल्यावर द्यावी लागते. आता ती ऑनलाइनही भरता येते.

३. आधी स्वतःचा आठवडा सांगायला शिका

यंत्रांची नावं पाठ करण्याच्या मागे लागू नका. ती यंत्रावर लिहिलेली असतात. तुमचा आठवडा मात्र कुठेच लिहिलेला नसतो, आणि विचारतात तो तोच. म्हणून या पायरीला जास्त वेळ द्या.

वार आधी. पोर्तुगीजमध्ये सोमवार ते शुक्रवार यांना नावं नाहीत, क्रमांक आहेत, आणि मोजणी रविवारपासून होते. म्हणजे सोमवार दुसरा : सगुंदा, तेर्सा, क्वार्ता, किंता, सैश्ता. मग साबदु आणि दुमिंगु. लिहिताना पहिल्या पाचांपुढे ‘फैरा’ जोडतात, बोलताना ते गळतं. नवख्या माणसाची हमखास चूक म्हणजे सोमवार पहिला धरून एक दिवस उशिरा पोहोचणं.

आता खरी गंमत पुढे आहे. ‘दर मंगळवारी’ आणि ‘या मंगळवारी’ यांत फरक करावा लागतो :

‘आश तेर्सश वो आउ जिनाझियु.’ (मंगळवारी-मंगळवारी मी जिमला जातो.)
‘ना तेर्सा वो आउ जिनाझियु.’ (येत्या मंगळवारी मी जिमला जाणार आहे.)

ट्रेनरला सवय सांगायची असताना दुसरं वाक्य वापरलंत तर तो एकाच दिवसाची वेळ लिहून घेईल. शनिवार-रविवार पुल्लिंगी असल्याने तिथे ‘आउ साबदु’, ‘आउ दुमिंगु’ असं होतं.

सवय सांगण्यासाठी एक क्रियापद पुरतं : ‘कुश्तूमु’, म्हणजे ‘मी सहसा… करतो’. त्यापुढे मूळ क्रियापद जसंच्या तसं ठेवायचं, चालवायची कटकट नाही. कुश्तूमु कुर्रेर (धावतो), कुश्तूमु नदार (पोहतो), कुश्तूमु त्रैनार (व्यायाम करतो). सुरुवातीला माझ्या मते यासारखं दुसरं हत्यार नाही.

किती वेळा, ते असं सांगा :
- तोदुश उश दीयश : रोज
- दीया सिं, दीया नांउ : एक दिवस आड
- दूअश वेझश पुर समाना : आठवड्यातून दोनदा
- द वेश एं क्वांदु : अधूनमधून

इथे दोनाचं लिंग सांभाळा. वेळा, सेट, आवर्तनं (रेप्स) हे स्त्रीलिंगी, म्हणून ‘दूअश’. दिवस, किलो, मिनिटं पुल्लिंगी, म्हणून ‘दोइश’. तीनपासून वीसपर्यंत ही भानगड नाही.

किती दिवसांपासून, हे सांगायला ‘आ’ लावा : ‘त्रैनु आ दोइश आनुश’ म्हणजे ‘दोन वर्षांपासून व्यायाम करतोय’. खंड पडला असेल तर ‘नांउ त्रैनु देश्द मार्सु’ (मार्चपासून बंद आहे).

आणि एक रूप, ज्यात इंग्रजीवरून आलेले सगळे फसतात. ‘तैन्यु कुर्रीदु’ हे शब्दशः इंग्रजीतल्या ‘आय हॅव रन’सारखं दिसतं, पण अर्थ ‘हल्ली मी पळायला जात असतो’ असा आहे. एकदाच पळून आलात तर साधा भूतकाळ : ‘ओंतैं फुइ कुर्रेर’ (काल पळायला गेलो). उलट बरेच दिवस जिम चुकली असेल तर ‘नांउ तैन्यु इदु आउ जिनाझियु’ हे अगदी नेमकं वाक्य आहे. इथली माणसं ते येताजाता वापरतात.

हा तुकडा पाठ करा, वार आणि व्यायाम आपापले घाला :

‘कुश्तूमु त्रैनार आश तेर्सश इ किंतश, दपोइश दु त्रबाल्यु. आउ साबदु वो कुर्रेर जुंतु आउ रीउ. फासु योगा द मन्यां, क्वाझ तोदुश उश दीयश. आउ दुमिंगु दश्कांसु.’

(मंगळवारी आणि गुरुवारी कामानंतर व्यायाम करतो. शनिवारी नदीकाठी धावायला जातो. सकाळी योगासनं करतो, बहुतेक रोजच. रविवारी विश्रांती.)

४. ‘करणं’ की ‘खेळणं’

चेंडूचे खेळ ‘जुगार’ (खेळणे), बाकी सगळं ‘फझेर’ (करणे). जुगार फुतबोल, जुगार पादेल. पण फझेर नतसांउ (पोहणं), फझेर मुश्कुलसांउ (वजनं), फझेर उमा कमिन्यादा (लांब चालायला जाणं). मराठीत आपण जवळपास असंच बोलतो, त्यामुळे शंका आली तर मराठीत विचार करा. पादेल हा काचेच्या भिंती असलेल्या छोट्या कोर्टवरचा रॅकेटचा खेळ. ऑफिसातल्या कुणी ना कुणी तुम्हाला त्याला बोलावणारच.

सूर्यनमस्काराला इथे ‘सौदसांउ आउ सोल’ म्हणतात. ‘फासु दोझ सौदसोंइश आउ सोल’ म्हणजे ‘बारा सूर्यनमस्कार घालतो’. जोर किंवा दंड सांगायचे तर ‘फ्लेक्सोंइश’ आणि बैठका ‘अगशमेंतुश’. हुबेहूब तेच नसलं तरी ट्रेनरला अंदाज येतो.

५. जिममध्ये लोकांशी बोलताना

यंत्राभोवती चार वाक्यांत काम भागतं :

‘श्ताश आ उझार?’ (वापरतोयस का?)
‘क्वांतश सेरियश त फाल्तांउ?’ (तुझे किती सेट राहिलेत?)
‘पुदेमुश आल्तर्नार?’ (आलटून पालटून करू या?)
‘फाल्तांउ-म दूअश.’ (माझे दोन राहिलेत.)

ही वाक्यं ‘तू’ची आहेत. जिममध्ये सरसकट ‘तू’ चालतं, ट्रेनरही पहिल्या दिवसापासून ‘तू’ म्हणतो. समोर वडीलधारं माणूस असेल तर ‘उ सन्योर’ किंवा ‘आ सन्योरा’ म्हणा आणि क्रियापद तृतीयपुरुषी ठेवा : ‘उ सन्योर श्ता आ उझार?’ ॲपवर शिकलेलं ‘वोसे’ मात्र जपून वापरा. ब्राझीलमध्ये ते रोजचं आहे, पोर्तुगालमध्ये ते अनेकांना तुटक किंवा उद्धट वाटतं. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण यांच्या पायऱ्या आहेतच, त्यामुळे हे समजायला जड जात नाही.

रोजची नावं : ट्रेडमिल म्हणजे पसदैरा (रस्त्यावरच्या झेब्रा क्रॉसिंगलाही हाच शब्द), डंबेल अल्तेरश, बार बार्रा, बेंच प्रेस सुपीनु, डेडलिफ्ट पेझु मोर्तु, पुलअप इलवसोंइश, प्लँक प्रांशा, पोटाचे व्यायाम अब्दुमिनाइश. पोटऱ्यांना जेमियुश म्हणतात. अडीच किलो सांगताना ‘पॉइंट’ नाही, स्वल्पविराम : ‘दोइश वीर्गुला सिंकु’.

६. ट्रेनर ओरडतो तेव्हा

ट्रेनरला इथे ‘पे-ते’ म्हणतात. त्याचे हुकूम छोटे असतात आणि वेगाने येतात :

देश्स (खाली जा), सोब (वर ये), दवगार (सावकाश), कोश्तश दिरैतश (पाठ सरळ), रश्पीरा (श्वास घे), अग्वेंता (धरून ठेव), माइझ उमा (आणखी एक), दश्कांसा (थांब, विश्रांती घे).

आता सगळ्यात धोक्याचा शब्द. ‘पुशार’ म्हणजे ओढणे. इंग्रजीतल्या ‘पुश’च्या बरोबर उलट. दारावर लिहिलेलं असतं, केबलच्या यंत्रावर असतं, आणि ट्रेनर म्हणतो ‘पुशा!’ तेव्हा दांडी स्वतःकडे खेचायची असते. ढकलणे म्हणजे ‘इंपुर्रार’. डोक्यावर वजन असताना या दोन शब्दांत गोंधळ झाला तर खांद्याला इजा होऊ शकते. म्हणून पहिल्याच दिवशी हाताने खूण करून दोन्ही शब्द ट्रेनरकडून म्हणवून घ्या. यावरूनच ‘पुशादु’ शब्द आलाय, म्हणजे दमवणारा : ‘उ त्रैनु फुइ पुशादु’, आजचा व्यायाम अंगावर आला.

७. दुखतंय ते नेमकं सांगा

ही पायरी टाळू नका. हसून ‘ओके, ओके’ म्हणत वजन उचलत राहणारे बरेच नवखे मी पाहिलेत. केवळ शब्द सापडत नाही म्हणून गुडघा बिघडवून घेण्यात काही अर्थ नाही.

एक अवयव असेल तर ‘दोइ-म’ : ‘दोइ-म उ जुऐल्यु’ (गुडघा दुखतोय), ‘दोइ-म उ ओंब्रु’ (खांदा दुखतोय). अनेकवचन असेल तर ‘दोएं-म’ : ‘दोएं-म अश कोश्तश’. पाठ या भाषेत अनेकवचनी आहे. रचना आपल्या ‘माझा गुडघा दुखतो’सारखीच, दुखणारा अवयव कर्ता. त्यापुढे केव्हा दुखतं ते जोडा : ‘क्वांदु दोब्रु’ (वाकवल्यावर), ‘क्वांदु देश्सु’ (खाली जाताना), ‘आ उमा समाना’ (आठवडा झाला).

व्यायामाने अंग आंबलं असेल तर पुरुषाने ‘श्तो तोदु दुरीदु’ आणि बाईने ‘श्तो तोदा दुरीदा’ म्हणायचं. हे ऐकून ट्रेनर हसून सोडून देतो. खरी इजा असेल तेव्हा हा शब्द वापरू नका. ‘तैन्यु उमा लझांउ’ (इजा झाली आहे), ‘तुर्सी उ पे’ (पाय मुरगळला), ‘सेंती उं श्तालु’ (कट्कन आवाज झाल्यासारखं वाटलं) असं म्हणा, म्हणजे तो तिथेच थांबवेल.

छातीबद्दल विशेष. छातीच्या व्यायामाच्या दिवसाला ‘दीया द पैतु’ म्हणतात, त्यामुळे नुसतं ‘छाती दुखतेय’ म्हटलं तर समोरचा स्नायूच समजेल. छातीत कळ येत असेल, घाम फुटत असेल, तर पूर्ण सांगा : ‘सिंतु-म माल, तैन्यु दोर नु पैतु इ फाल्ता द आर’ (मला बरं वाटत नाहीये, छातीत दुखतंय आणि श्वास लागतोय). आणि 112 ला फोन करायला सांगा. चक्कर येत असेल तर ‘तैन्यु तोंतूरश’. घरी आल्यावर, तातडीचं नाही पण विचारायचं आहे अशा तक्रारीसाठी सरकारी आरोग्यसेवेची फोनसेवा आहे, एसएनएस 24 : 808 24 24 24.

सर्दीमुळे येता आलं नाही तर ‘श्तो कोंश्तिपादु’ (बाईने ‘कोंश्तिपादा’) असं कळवा. इंग्रजीच्या कानाला ते बद्धकोष्ठासारखं ऐकू येतं, पण पोर्तुगालमध्ये त्याचा अर्थ सर्दी-पडसंच.

८. धावणाऱ्यांशी गप्पा

लिस्बनला कायश दु सोद्रेपासून बेलेंपर्यंत तेजु नदीकाठचा सपाट रस्ता आहे, बाकी शहर चढउताराचं. म्हणून धावणारे सगळे तिथे भेटतात. चढ हवा असेल त्यांना मोंसांतुचं जंगल. पोर्तुला पार्क दा सिदाद आहे, थेट समुद्राला भिडणारं.

ओळख काढायला ‘कुश्तूमश कुर्रेर पुर आकी?’ (इथे नेहमी धावतोस?) पुरे. पुढचा प्रश्न तुम्हाला येईल : ‘क्वांतुश किलोमत्रुश?’ मार्चमध्ये लिस्बनची अर्धमॅरेथॉन 25 द अब्रील पुलावरून जाते. एरवी त्या पुलावर पायी जाऊ देत नाहीत, त्यामुळे त्या शर्यतीचा विषय काढलात तर समोरचा माणूस भरभरून बोलतो. कार्लुश लोपिश हे नावही माहीत असू द्या. 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये वयाच्या 37 व्या वर्षी त्यांनी मॅरेथॉन जिंकली, ते पोर्तुगालचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. 1988 ला सोलमध्ये पोर्तुच्या रोझा मोता यांनी महिलांची मॅरेथॉन जिंकली. साठीपुढच्या माणसांना या दोन शर्यतींबद्दल विचारा आणि ऐकत राहा. भूतकाळाचा याहून चांगला सराव फुकटात मिळणार नाही.

९. समोरचा ब्राझीलचा असेल तर

पोर्तुगालच्या जिममध्ये ब्राझिलियन ट्रेनर आणि सदस्य खूप आहेत. त्यांचं बोलणं मोकळं, स्वर पूर्ण उच्चारलेले, त्यामुळे सुरुवातीला तेच सोपं जातं. शब्द मात्र बदलतात. जिम ‘आकादेमीया’, ट्रेडमिल ‘एस्तेरा’, डेडलिफ्ट ‘लेवांतामेंतु तेर्रा’, पोटऱ्या ‘पांतुर्रील्या’, कपडे बदलायची खोली ‘वेस्तियारियु’. व्यायाम करणं ‘माल्यार’. आलटून पालटून करू या का, याला ‘पोसु हेवेझार?’ म्हणतात (तिकडे सुरुवातीचा ‘र’ हा ‘ह’सारखा येतो). ‘मी व्यायाम करतोय’ हे पोर्तुगालमध्ये ‘श्तो आ त्रैनार’, तर ब्राझीलमध्ये ‘इस्तो त्रेनांदु’. ‘कामिझोला’ मागताना सांभाळा : पोर्तुगालमध्ये तो अंगात घालायचा जर्सीसारखा कपडा, ब्राझीलमध्ये रात्री झोपताना घालायचा गाऊन.

दोन्ही प्रकार समजून घ्या, पण बोलताना एकच धरा. नागरिकत्वासाठी लागणाऱ्या ए2 पातळीची परीक्षा, सिप्ल, पोर्तुगालच्या पोर्तुगीजमधून होते, आणि स्वतःचा दिनक्रम सांगता येणं हा त्या पातळीचा गाभाच आहे. इथे कायम राहायचा विचार असेल तर तिसऱ्या पायरीतला तुकडा पोर्तुगालच्या उच्चारातच घोटून ठेवा.